प्रकल्प नोंदी: पिठाचे हात आणि वीस किलोहर्ट्झ

३ ऑगस्ट २०२५, रविवार, डोंबिवली

काम ठरलं. वहिनी घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डरींची यादी आणि मापांचं कोष्टक (अर्ध्या किलोला किती मोहन, पाच किलोला किती) जुन्या लॅपटॉपवर असतं आणि लॅपटॉप ओट्याशेजारच्या फळीवर. हात भाजणीत, नाहीतर तेलात. यादी एक ओळ खाली सरकवायची तर हात धुवा, पुसा, बटण दाबा आणि परत परातीकडे वळा. हवेतल्या हाताच्या खुणेने यादी सरकली पाहिजे आणि त्यासाठी एकही नवी वस्तू विकत आणायची नाही, एवढीच अट.

कॅमेऱ्याने हे होतं, पण कॅमेरा मला नको आहे. स्वयंपाकघरात वाफ असते, भिंगावर तेलाचा थर बसतो. आणि घरच्या कपड्यांत दिवसभर राबणाऱ्या बाईवर कायम डोळा रोखून ठेवणारं यंत्र मी तिच्या ओट्यावर ठेवणार नाही. बोलून हुकूम देणंही जमणार नाही: मिक्सर चालू असतो आणि बऱ्याचदा कानाला ऑर्डर देणाऱ्याचा फोन असतो.

राहिला आवाज. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सिद्धांत गुप्ता, डॅन मॉरिस, श्वेतक पटेल आणि डेस्नी टॅन यांनी २०१२ साली ‘साउंडवेव्ह’ नावाचं काम मांडलं. लॅपटॉपच्या स्वतःच्याच स्पीकरमधून १८ ते २२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला एक स्थिर सूर सोडायचा आणि लॅपटॉपच्याच मायक्रोफोनने तो परत ऐकायचा. समोर काही हललं नाही तर तोच सूर परत येतो. हात जवळ येत असेल तर हातावरून परतलेला सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. म्हणजे डॉप्लर परिणाम.

डोंबिवलीकराला डॉप्लर पुस्तकातून शिकावा लागत नाही. न थांबणारी लांब पल्ल्याची गाडी भोंगा वाजवत फलाटावरून निघून जाते तेव्हा ती समोरून जाताक्षणी सूर पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला तो सुमारे सव्वादोन अर्धस्वर पडतो. रे वरून सा वर येण्यापेक्षा थोडा जास्तच. ख्रिस्तियान डॉप्लरने हे प्रागमध्ये १८४२ साली मांडलं आणि बाइस बालोने १८४५ साली नेदरलँड्समध्ये रेल्वेगाडीवर कर्णेवाले बसवून आणि रुळाशेजारी सुरांचे जाणकार उभे करून ते पडताळलं. भौतिकशास्त्रातला हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, कारण त्यातलं मोजमापाचं साधन माणसाचा तयार कान होता.

हाताचं गणित मात्र फार बारीक आहे. सूर हातापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणून फरक दुप्पट: दोन गुणिले हाताचा वेग, गुणिले वारंवारता, भागिले ध्वनीचा वेग. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. हात सेकंदाला अर्धा मीटर सरकला तर २०,००० हर्ट्झमध्ये फरक पडतो सुमारे ५७ हर्ट्झचा. तीन हजार भागांत आठ-नऊ भाग. कानाला कळणं अशक्य, संगणकाला शक्य.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्री फक्त लॅपटॉपची तपासणी. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, म्हणजे तत्त्वतः त्याच्या निम्म्या, २४ किलोहर्ट्झपर्यंतचं पकडता येतं. १६ पासून २२ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर सोडला आणि मायक्रोफोनला काय मिळतं त्याचा आलेख काढला. १८ च्या पुढे उतार लागतो, २१ नंतर कडाच. या छोट्या स्पीकरकडून याहून जास्त अपेक्षा धरण्यात अर्थ नाही आणि आपल्या कामाला एवढं पुरेसं आहे.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो, कारण हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला ती लागेल. लॅपटॉपचा मायक्रोफोन आपल्याला कच्चा आवाज देत नाही. मधे गोंगाट कमी करणारं, प्रतिध्वनी पुसणारं आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारं सॉफ्टवेअर बसलेलं असतं. बैठकीत बोलणाऱ्या माणसासाठी ते बनवलंय. एकसारखा चालू असलेला सूर म्हणजे त्याच्या लेखी पंख्याची घरघर; काही क्षण ऐकतं आणि पुसून टाकतं. ही सगळी सुधारणा सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्याशिवाय पुढचं काहीच चालणार नाही. बंद केल्यावर सूर आलेखावर खुंटीसारखा उभा राहिला.

९ ऑगस्ट, शनिवार (नारळी पौर्णिमा)

राखीला सगळे जमले होते, म्हणून कानांची परीक्षा आजच घेतली. तंत्राच्या लेखांत ‘ऐकू न येणारा आवाज’ असं सहज लिहिलेलं असतं, पण कोणाला ऐकू न येणारा? वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. मला १५ किलोहर्ट्झच्या पुढे काही ऐकू आलं नाही, आईला त्याच्याही बरंच आधी थांबावं लागलं. पुतणी नऊ वर्षांची. तिला पाठ करून बसवलं आणि सूर चालू होताच हात वर करायला सांगितलं. १७ ला चटकन हात वर, १८ ला तोंड वाकडं करून वर. १९ ला कधी हो, कधी नाही. २० ला, आपल्याला लागेल तेवढ्या आवाजात, हात खालीच राहिला.

म्हणून २० किलोहर्ट्झ. १८ वर सिग्नल जास्त जोरकस मिळाला असता, पण ज्या घरात मूल अभ्यासाला बसतं तिथे १८ किलोहर्ट्झचा सूर तासन्‌तास वाजवणं मला मान्य नाही.

प्राण्यांचं गणित आणखी वेगळं. कुत्र्याला ४० किलोहर्ट्झच्याही पलीकडचं ऐकू येतं, मांजराला त्याहून बरंच पुढचं. खिडकीत येणाऱ्या मांजरीने सूर चालू होताच दोन्ही कान लॅपटॉपकडे वळवले. तेव्हा नियम ठरवला: यादी पडद्यावर उघडी असेल तेव्हाच सूर वाजेल, झाकली की बंद. आणि आवाज कामापुरता, त्यावर एक रेघही नाही.

एक बारीक बाब: सूर एकदम चालू किंवा बंद केला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. अचानक सुरुवातीमुळे इतर सगळ्या वारंवारता क्षणभर सांडतात. दशांश सेकंदात हळू चढवला, हळू उतरवला की जातो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर पूर्ण दिवस मिळाला. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आधी करून पाहिली. ब्राउझरची आवाजयंत्रणा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज, त्याचा आलेख) आयता काढून देते, त्यामुळे चित्र तासाभरात दिसलं: मधे २०,००० चा उंच सुळका, हात पुढे नेला की त्याच्या उजव्या उतारावर फुगवटा, मागे घेतला की डाव्या. पुतणीला हे खूप आवडलं. ती अर्धा तास हात नाचवत होती.

पण झटक्याने हलवलेला हात दिसतो, सावकाश हलवलेला दिसत नाही. कारण नेमकं सापडलं. २०४८ नमुन्यांचा तुकडा घेतला तर स्पेक्ट्रमचा एक कप्पा २३.४ हर्ट्झचा. ब्राउझर त्या तुकड्यावर ब्लॅकमन खिडकी लावतो, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही कडा गणिताने हळूहळू विझवतो. तिच्यामुळे लांबच्या गळत्या दबतात, पण मुख्य सुळका दोन्ही बाजूंना तीन-तीन कप्पे रुंद होतो. म्हणजे ७० हर्ट्झ इकडे, ७० तिकडे. अर्धा मीटर वेगाच्या हाताचे ५७ हर्ट्झ त्या सुळक्याच्या पोटातच राहतात. पिठाचा हात सावकाशच हलणार, पीठ सांडायचं नसतं.

तुकडा चौपट केला, ८१९२ नमुने. कप्पा ५.९ हर्ट्झ, सुळक्याची एका बाजूची रुंदी १८ हर्ट्झवर आली, सावकाश हात दिसू लागला. पण आता एक तुकडा भरायला १७१ मिलिसेकंद लागतात आणि हाताचं पुढे-मागे होणं तेवढ्या वेळात एकमेकांत कालवलं जातं. वेळ बारीक मोजायचा की वारंवारता बारीक मोजायची, दोन्ही एकदम मिळत नाही. सॉफ्टवेअर कितीही हुशारीने लिहिलं तरी हे बंधन सुटणार नाही. ते गणितातच आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

ब्राउझर सोडला, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दुसरा रस्ता धरला.

मायक्रोफोनमधून आलेला आवाज २० किलोहर्ट्झच्या साइनने एकदा गुणायचा, कोसाइनने एकदा गुणायचा आणि दोन्ही गुणाकारांतून फक्त संथ भाग ठेवायचा. हाती दोन आकडे येतात. ते आडवा आणि उभा अक्ष धरून कागदावर मांडले की एक बिंदू मिळतो. खोलीत काहीच हलत नसेल तर बिंदू एका जागी. हात हलला की तो त्या जागेभोवती फिरतो. हात जवळ येतो तेव्हा एका दिशेने, लांब जातो तेव्हा उलट दिशेने.

यातलं सौंदर्य असं की फेरा म्हणजे थेट अंतर. २० किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १७.५ मिलिमीटर. जाण्यायेण्याचा मार्ग तेवढा बदलला की एक फेरा पुरा, म्हणजे हात त्याच्या निम्मा, ८.७ मिलिमीटर सरकला की एक फेरा. अर्धा मीटर वेगाला सेकंदाला ५७ फेरे. तेच ५७, जे परवा हर्ट्झमध्ये निघाले होते. पाव फेराही सहज ओळखता येतो, म्हणजे दोन मिलिमीटरची हालचाल दहा-बारा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर दिसते! फेज (लहर आपल्या फेऱ्यात कुठवर आली आहे ते) मोजण्याची ही वाट २०१६ साली ‘एल्‌लॅप’ या कामात फोनवर दाखवली गेली. एका दिशेतल्या हालचालीला साडेतीन मिलिमीटरची अचूकता त्यांनी नोंदवली आहे. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने ‘फिंगरआयओ’मध्ये वेगळ्या प्रकारचा सिग्नल वापरून बोटाची जागा आठ मिलिमीटरपर्यंत पकडली.

अडचण एकच: स्पीकरमधून थेट मायक्रोफोनमध्ये शिरणारा सूर हातावरून परतणाऱ्या सुरापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो स्थिर असल्याने संथ सरासरी काढून वजा करता येतो. फळीवरचा डबा कोणी हलवला की हा स्थिर भाग बदलतो, पण सरासरी दोनेक सेकंदांत नवी जागा धरते.

२४ ऑगस्ट, रविवार

आज लॅपटॉप माझ्या टेबलावरून उठून त्याच्या खऱ्या जागी गेला. गौरींच्या फराळाची तयारी चालू होती. माझ्या खोलीत एकट्याने बसून केलेली चाचणी आणि चालू स्वयंपाकघर यांत किती अंतर आहे ते आज मोजलं गेलं. सविस्तर लिहितो, प्रकल्पाचा गाभा इथेच आहे. हात ऐकू येणं सोपं आहे. खोलीत हलणाऱ्या आणि वाजणाऱ्या बाकीच्या सगळ्यांतून तो वेगळा काढणं, हे काम.

आधी पंखा. डायनिंगवरचा छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा, पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३५० फेरे. पात्याच्या टोकाचा वेग काढला तर सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर; भोंगा वाजवत जाणाऱ्या त्या गाडीइतकाच. पण टोक आपल्याकडे सरळ येत नाही, आडवं फिरतं, शिवाय पातं मधल्या भागात संथ असतं, म्हणून पंख्याची सावली रुंद आणि फिकट पडते. तिच्यात एक शिस्त आहे: तीन पाती, सेकंदाला जवळपास सहा फेरे, म्हणजे सेकंदाला साडेसतरा पाती समोरून जातात. हालचाल पुन्हा पुन्हा तीच असल्याने स्पेक्ट्रममध्ये साडेसतरा हर्ट्झच्या अंतराने उभ्या रेघा उमटतात, कंगव्याच्या दातांसारख्या. रेग्युलेटर फिरवला की दातांमधलं अंतर बदलतं. प्रोग्रामने आधी हे अंतर ओळखायचं आणि मग तेवढे दात कापायचे. जमलं.

निसर्गात याची उलट बाजू आहे. सह्याद्रीतल्या गुहांमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचं नाक असलेली वटवाघळं राहतात. ती एकाच सुरात हाक देतात आणि पंख फडफडवणारा किडा त्या फडफडीच्या डॉप्लरवरूनच ओळखतात. स्वतःच्या उडण्याने परतणारा सूर चढू नये म्हणून ती आपली हाक तेवढी खाली उतरवतात. हे हान्स-उलरिख श्निट्झलर यांनी १९६८ साली दाखवलं. वटवाघळाला जे हवं तेच मला गाळायचं आहे. तीच माहिती, उलट कामाला.

मग कुकर. शिटी म्हणजे दाबाखालची वाफ बारीक छिद्रातून सुटते, आणि तिचा आवाज कानाला ऐकू येतो तिथे संपत नाही, २० किलोहर्ट्झच्या वरही भरपूर असतो. मिक्सरची ब्रशची मोटरही तशीच, सगळीकडे चिखल. यावर उपाय सरळ निघाला. हात सेकंदाला दोन मीटरपेक्षा वेगाने हलत नाही असं धरलं तर तो २०,००० च्या दोन्ही बाजूंना २३० हर्ट्झच्या पलीकडे काही पाठवूच शकत नाही. मग त्याच्या बाहेरचा एक पट्टा पहारेकरी म्हणून ठेवायचा. तिथला आवाज नेहमीपेक्षा वाढला की कुकर किंवा मिक्सर बोलतोय असं समजून निर्णय थांबवायचा. शिटी संपली की परत सुरू.

आणि मग बांगड्या. वहिनींच्या हातात हिरवा काचेचा चुडा असतो. काच काचेवर आपटली की क्षणभर सगळा वरचा पट्टा उजळतो. पहारेकरी तत्काळ निर्णय थांबवतो. आणि बांगड्या नेमक्या केव्हा वाजतात? हात खूण करायला उठतो तेव्हाच. ज्या हालचालीची वाट बघायची, तीच यंत्र बंद पाडते.

बांगड्या काढून ठेवा, हा उपाय नाही. जिच्यासाठी वस्तू करायची तिने वस्तूसाठी बदलायचं नसतं. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. परदेशी प्रयोगशाळेत हातात चुडा घालून कोणी चाचणी दिली असेल असं वाटत नाही. म्हणून तो प्रश्न आपल्यालाच सोडवायला हवा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बांगड्यांचं उत्तर हॅम रेडिओत, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशांच्या छंदात सापडलं. मोटारीच्या स्पार्क प्लगची टकटक रेडिओत येऊ नये म्हणून तिथे जुनी युक्ती आहे: अरुंद फिल्टरच्या (एक छोटा पट्टाच पुढे सोडणाऱ्या गाळणीच्या) आधीच टकटक ओळखायची आणि तेवढा क्षण रिकामा सोडायचा. ‘आधीच’ हे महत्त्वाचं. काचेचा आवाज काही मिलिसेकंदांचाच असतो, पण तो एकदा अरुंद फिल्टरमधून गेला की ताणला जातो आणि हाताच्या हालचालीसारखा दिसू लागतो. रुंद पट्ट्यात तो टाचणीसारखा उभा आणि पातळ असतो, तिथेच छाटता येतो.

तर क्रम असा: कच्चा आवाज, १७ किलोहर्ट्झखालचं सगळं टाकून देणं, अचानक उसळी दिसली तर तेवढे मिलिसेकंद शून्य करणं, मग साइन-कोसाइनचा गुणाकार. हाताची खूण तीन-चार दशांश सेकंद चालते. त्यातले मधले काही मिलिसेकंद गेले तर फेऱ्यांची मोजणी फारशी बिघडत नाही, दोन्ही टोकं जोडून घेता येतात. कुकरसाठी पहारेकरी तसाच ठेवला, फक्त त्याने किमान पाव सेकंद सलग गोंगाट दिसल्याशिवाय बोलायचं नाही.

वहिनींनी चुडा घालूनच चाचणी दिली. चालतं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. काम बंद. आरतीच्या वेळी फक्त उत्सुकतेने स्पेक्ट्रम लावून ठेवला होता: टाळ आणि झांजा २४ किलोहर्ट्झच्या कडेपर्यंत सगळं भरून टाकतात. आरतीत यादी सरकवायची नसते, त्यामुळे प्रश्न नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज परत कामाला लागलो. प्रश्न: खूण कोणती ठेवायची?

पीठ मळताना हात सतत पुढे-मागे होतो. चकली पाडताना सोऱ्या गोल फिरतो. डब्याकडे हात जातो, परत येतो. माणूस फ्रिजकडे चालत जातो. यातल्या कशानेही यादी हलता कामा नये. नको तेव्हा सरकलेली यादी न सरकलेल्या यादीपेक्षा वाईट. पाच किलोच्या ऑर्डरीला दुसऱ्याच ओळीचं मोहन पडलं तर सगळा घाणा वाया.

वहिनींचं म्हणणं: “भावोजी, मला खूण लक्षात ठेवायला लावू नका. कामात डोकं दुसरीकडे असतं. हात आपोआप जाईल असं काहीतरी करा.”

बरोबर आहे. दुपारभर त्यांच्या हातांकडे बघत बसलो आणि मळण्याच्या हालचालीची नोंद घेतली. मळणं म्हणजे एका लयीत, सेकंदाला एक-दोन वेळा, थांबा नसलेलं. चालणं म्हणजे एकाच दिशेने बराच वेळ, आणि अंग मोठं असल्याने परतणारा आवाजही मोठा. त्यांच्या कामात कुठेच नव्हती ती गोष्ट म्हणजे स्थिरता: तळहात पडद्याकडे करून नेणं, तिथे क्षणभर थांबणं आणि परत घेणं. ‘पुरे, थांब’ म्हणताना आपण जसा हात धरतो तसा. मधला तो थांबा फेज-पद्धतीत अगदी स्वच्छ दिसतो: फेरे, मग काहीच नाही, मग तेवढेच उलटे फेरे. पुढचे आणि उलटे फेरे साधारण सारखे भरले पाहिजेत आणि मधे पाव ते अर्धा सेकंद शांतता पाहिजे. तरच यादी एक ओळ पुढे.

या एका नियमाने मळणं, चालणं, डबे काढणं सगळं गळलं. शिकणारं मॉडेल वगैरे लावण्याचा विचार होता, तो सोडून दिला. नियम डोळ्यांनी वाचता येतो, बिघडला तर कुठे बिघडला ते कळतं, आणि जुन्या प्रोसेसरवर भार पडत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, रडार का नाही? गुगलच्या पिक्सेल ४ मध्ये २०१९ साली ६० गिगाहर्ट्झचं छोटं रडार होतं, ‘सोली’ नावाचं. फोनला हात न लावता गाणं बदलता यायचं. तो पट्टा तेव्हा भारतात खुला नव्हता आणि तो फोन इथे विक्रीला आलाच नाही.

पण मूळ उत्तर वेगळं आहे. हालचाल किती बारीक दिसणार ते तरंगलांबी ठरवते. आपल्या २० किलोहर्ट्झच्या सुराची लांबी १७.५ मिलिमीटर. तेवढ्याच लांबीची रेडिओ लहर हवी असेल तर १७ गिगाहर्ट्झ लागतील, कारण रेडिओ लहर ध्वनीच्या जवळजवळ साडेआठ लाख पट वेगाने जाते. ध्वनी संथ आहे म्हणूनच स्वस्त स्पीकर आणि साधं साउंड कार्ड रडारच्या तोडीचं काम करतात. आणि ते बहुतेक घरांत आधीच आहेत. शेवया-पापड करणाऱ्या एखाद्या बचत गटाकडे जुना लॅपटॉप सापडेल, रडार सापडणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या घटस्थापना, त्यानंतर वहिनींना मान वर करायला वेळ नसेल. ‘मागे’ जाण्याची खूण आजच हवी होती.

डावीकडून उजवीकडे हात फिरवणं आणि उजवीकडून डावीकडे फिरवणं, हे एका सुरात सारखंच दिसतं: आधी जवळ येणं, मग लांब जाणं. म्हणून दोन सूर केले. डाव्या स्पीकरमधून २०,०००, उजव्यातून २०,७००. हात ज्या बाजूने शिरतो तिकडचा सूर आधी चढून उतरतो. कोणता आधी उलटला ते पाहिलं की दिशा कळते. पहारेकरी पट्टे थोडे बाहेर सरकवावे लागले.

दोन बारकावे. दोन्ही सूर एकाच स्पीकरमधून सोडले तर स्पीकर आवाज तंतोतंत प्रमाणात काढत नसल्यामुळे त्यांच्यातला ७०० हर्ट्झचा फरक बारीक आवाजात ऐकू येऊ शकतो. वेगळ्या स्पीकरमधून सोडले की तसं होत नाही. दुसरं, स्पीकर एकमेकांपासून २५ सेंटिमीटरवर असले तरी दोन सुरांचे उलटण्याचे बिंदू त्याच्या निम्म्यानेच लांब पडतात, कारण मार्ग स्पीकरपासून हातापर्यंत आणि हातापासून मधल्या मायक्रोफोनपर्यंत असतो. सावध हाताला ते पुरतं. घाईने फटकारला तर दिशा चुकते. म्हणून फार वेगवान फटकारा ग्राह्यच धरायचा नाही असं ठरवलं.

पुतणीला परत पाठ करून बसवलं. २०,७०० ला अर्थातच काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला, ऑर्डरी जोरात. यंत्र रोज चालू आहे. गेल्या आठवड्यात दोन गोष्टी समोर आल्या.

तळणीच्या वेळी, कढई तापलेली असताना, ओट्यावरून वर चढणारी गरम हवा मधे येते. गरम हवेत ध्वनी वेगाने जातो आणि ही हवा एकसारखी नसते, डुलते. त्यामुळे हात नसतानाही बिंदू संथपणे भटकतो. वेग फार कमी, सेकंदाला एक-दोन फेरे, त्यामुळे नियम फसत नाही; पण स्थिर भागाची सरासरी तळणीच्या वेळी जलद धरावी लागते. लॅपटॉप कढईपासून दूरच्या टोकाला सरकवला, त्याने जास्त फरक पडला.

दुसरी गोष्ट विश्वासाची. ऑर्डर द्यायला आलेल्या एका काकूंनी विचारलं, “मायक्रोफोन चालू म्हणजे आमचं बोलणं पण भरतं का गं यात?” प्रश्न रास्त आहे. बोलण्यातला समजणारा भाग सगळा आठ-दहा किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि प्रोग्रामचं पहिलंच पाऊल १७ च्या खालचं टाकून देणं आहे. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, इंटरनेट लागत नाही. हे मी तोंडी सांगितलं. तोंडी सांगणं पुरेसं नाही, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ‘सूर चालू’ असा हिरवा ठिपका आणि शेजारी मायक्रोफोन बंद करायचं मोठं बटण दिलं. पिठाच्या कोपराने दाबता येईल एवढं मोठं.

१२ ऑक्टोबर, रविवार

चकल्यांचे घाणे सकाळपासून. वहिनी आता खूण करताना पडद्याकडे बघतही नाहीत. तळहात दाखवतात, ओळ सरकते, पुढचं माप घेतात. दुपारी आईने करंज्या भरताना दुसऱ्या खुर्चीवरून, दीड मीटरवरून तळहात दाखवला, तेव्हा मात्र काही झालं नाही. एवढ्या लांबून परतणारा सूर खोलीच्या गोंगाटात बुडतो. आवाज वाढवून अंतर वाढवणार नाही. ९ ऑगस्टचा नियम कायम. आईसाठी खुर्ची जवळ घेतली.

दिवाळीनंतर करायचं: पंख्याच्या कंगव्याचं अंतर दर अर्ध्या मिनिटाला परत मोजणं, कारण व्होल्टेज पडलं की पंखा संथ होतो आणि कापलेले दात जागा चुकतात. बांगड्यांची छाटणी प्लास्टिकच्या आणि धातूच्या बांगड्यांवर तपासणं. धातूचा नाद काचेपेक्षा जास्त वेळ टिकतो, तिथे काही मिलिसेकंद पुरणार नाहीत. आणि हीच यादी स्टँडवर ठेवलेल्या जुन्या फोनवर चालवून बघणं, कारण कल्याणच्या मावशींकडे लॅपटॉप नाही, फोन आहे, आणि त्यांच्या अनारशांच्या ऑर्डरी वहिनींपेक्षा जास्त आहेत.